श्रावणात आजीकडे मासे का नसतात

प्रिय सोन्या,

काल तू तोच प्रश्न पुन्हा काढलास. आजी वर्षभर फोनवर बोंबील आणि बांगड्यांच्या गोष्टी सांगते, माहीमच्या घरापासून समुद्र चालत जाण्याइतका जवळ, मग आपण गेलो की ताटात वालाचं बिरडं आणि अळूवडीच का? जेवताना सांगायला लागले की बाबा मध्येच आपलं ज्ञान पाजळतात, म्हणून लिहूनच देतेय.

पहिला घोटाळा आपल्या सुट्टीचा. इथे नेदरलँड्समध्ये तुझी शाळा जुलै-ऑगस्टमध्ये सहा आठवडे बंद असते. मुंबईतल्या मुलांची मोठी सुट्टी मे महिन्यात होऊन जाते आणि जूनमध्ये त्यांच्या शाळा सुरूही होतात. म्हणून आपल्या वाट्याला दरवेळी पावसाळा येतो. आंबे संपलेले, भावंडं शाळेत, आणि कपडे वाळत नाहीत म्हणून आजीची चिडचिड.

त्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बऱ्याच माशांचा हा अंडी घालण्याचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. बिनइंजिनाच्या छोट्या होड्यांना मनाई नसते, पण त्या किनाऱ्यालगत जे मिळेल तेवढंच आणतात. तुला हे विचित्र वाटायला नको. इथल्या हॅरिंगवर तू कांदा घालून ताव मारतोस, त्यासाठीही लोक जूनच्या मध्यापर्यंत थांबतातच की. अंगात निदान १६ टक्के चरबी धरल्याशिवाय त्याला नव्या हंगामाचा मासा म्हणून विकता येत नाही.

सरकारने बंदी आणण्याच्या कितीतरी आधीपासून कोळी लोक पावसाळ्यात होड्या वर ओढून, शाकारून ठेवत आलेत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि मगच दर्यात जायचं, ही त्यांची रीत. वरळी कोळीवाड्यात तू मिरवणूक पाहिलीस ती त्याचीच. तू तिथे लुगडी नेसलेल्या, दागिन्यांनी मढलेल्या बायकांकडे बघत राहिलास आणि नारळ नेमका पाण्यात पडला तेव्हा तुझं लक्षच नव्हतं!

आता मामाची गोष्ट. बंदी चालू असतानाच त्याने तुला हॉटेलात नेऊन सुरमई खाऊ घातली, हे मला माहीत आहे. आजीलाही माहीत आहे. ती सुरमई आली कुठून? पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. आपली चालू असताना तिकडची संपलेली असते, त्यामुळे त्या दिवसांत मुंबईत तिकडचा मासा येतो, नाहीतर बर्फातला असतो. म्हणजे मासे मिळतच नाहीत असं नाही. आजीच्या घरात येत नाहीत, एवढंच. तुझा खरा प्रश्न तोच आहे.

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, २५ जुलैला श्रावण लागला. आदल्या दिवशीची आषाढ अमावास्या म्हणजे दिव्याची आवस, आणि मामाच्या भाषेत गटारी. ती नेमकी गुरुवारी आली. गुरुवारी मामी खात नाही, म्हणून मामाने आधीच्या रविवारीच कोंबडी आणून उरकून घेतलं. तिथून पुढे महिनाभर आजीकडे मासे-मटण बंद. पुष्कळ मराठी घरांत असंच असतं, सगळ्यांत नाही. तिच्या शेजारच्यांकडे श्रावणातही कालवण शिजतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

का, असं विचारलंस तर लोक दोन कारणं सांगतील. पावसाळ्यात पचन मंदावतं, आणि माशांना अंडी घालू द्यावीत. दुसरं ऐकायला छान आहे, पण मला ते मागाहून जोडलेलं वाटतं. २०२४ मध्ये श्रावण ५ ऑगस्टला लागला, म्हणजे बंदी उठल्यावर. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, त्यामुळे निज श्रावण १७ ऑगस्टपासून. आजी चंद्राप्रमाणे चालते, सरकार इंग्रजी तारखेप्रमाणे, आणि मासे दोघांनाही विचारत नाहीत.

आजीला विचारलंस तर ती यातलं काहीच सांगणार नाही. ती जिवतीकडे बोट दाखवेल. देवाजवळच्या भिंतीवर चिकटवलेला तो चित्रांचा कागद आठवतो? वर नरसिंह, कालियावर नाचणारा कृष्ण, खाली मुलांना घेतलेल्या जरा-जिवंतिका, आणि हत्तीवर नि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. तू त्यातल्या वाघाला मांजर म्हणालास. श्रावणातल्या शुक्रवारी आई त्याची पूजा करते आणि मुलांना ओवाळते, त्यांना आयुष्य मिळावं म्हणून. मुलं लांब असली तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या. मी लग्न होऊन इकडे आल्यापासून आजी दर श्रावणात अशा अक्षता टाकते. मामा समोर बसलेला असतो तरी टाकते. ॲमस्टरडॅम कुठल्या दिशेला हे तिने एकदा मला फोनवर विचारलंही होतं.

या वर्षी तू स्वतः पाटावर बसलास आणि कुंकू लावून घेताना फोन बघत होतास. तर सोन्या, तुझ्या ताटात मासे नव्हते ते याच्यासाठी. तू आलास म्हणून ती श्रावण मोडेल असं तुला वाटलं, पण तिने तो धरलाच होता तुझ्या-माझ्या नावाने. तुला बाहेर खायला तिने कधी अडवलं नाही, हेही बघ. बिरडं सोलायला बसवलं तेवढंच, आणि मला विचारशील तर सोलाण्याच्या त्या ढिगात तू निम्मे वाल मोडलेस.

आता कामाचं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे श्रावण १३ ऑगस्टला लागतो. बंदी ३१ जुलैला उठते. म्हणजे १ ते १२ ऑगस्ट मोकळे, त्यातले आजीचे सोमवार आणि गुरुवार सोडून. हवा बरी असली तर बोटी लगेच निघतात. तेव्हा तिकिटं त्या बेताने काढायला बाबांना तूच सांग, माझं ते ऐकत नाहीत. आणि आजीला फोन करून पापलेट मागायचं असेल तर मोठंच माग. २०२३ पासून तो महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, पण पिल्लं असतानाच पकडून विकतात. सिटीलाइटच्या बाजारात तसली पिल्लं दिसली की आजी कोळणीशी भांडते, आणि तिथे तुला तिच्या पिशव्या धरून उभं राहावं लागेल.

तुझी,
आई