विंडो आपोआप बसतात, बाकीचं आपण बसवायचं

प्रश्न : लॅपटॉपवर लिनक्सचा ग्नोम डेस्कटॉप आहे. विंडो आपोआप शेजारी शेजारी बसवणारा टाइलिंग विंडो मॅनेजर वापरून बघायचा तर सगळं पुन्हा इन्स्टॉल करावं लागेल का? सुरुवात कशाने करू?

काहीही पुसू नका. विंडो मॅनेजर हे साधं पॅकेज असतं. ते टाका, लॉग आउट करा आणि लॉगिनच्या पडद्यावर आपल्या नावावर क्लिक केल्यावर कोपऱ्यात जे दातेरी चाक दिसतं, त्यातून नवं सेशन निवडा. नाही जमलं तर त्याच चाकातून ग्नोममध्ये परत.

सुरुवात आय-थ्री या टाइलिंग विंडो मॅनेजरने करा, वेलँड (लिनक्सची पडद्यावर विंडो दाखवायची नवी व्यवस्था) हवं असेल तर तशाच स्वेने. स्वेला आय-थ्रीची कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची, फाइल चालते, त्यामुळे एकाची सवय दुसरीकडे वाया जात नाही. डीडब्ल्यूएम या आणखी एका विंडो मॅनेजरचं कौतुक बरंच ऐकाल, पण त्यात एक शॉर्टकट बदलायचा तरी सी भाषेतली फाइल सुधारून पुन्हा कंपाइल करावं लागतं. नवख्याने त्या फंदात पडू नये.

आय-थ्री पहिल्यांदा सुरू झालं की शॉर्टकटचं मुख्य बटण सुपर (विंडोजच्या चिन्हाचं) ठेवू की ऑल्ट, असं विचारतं. सुपर घ्या, ऑल्ट बऱ्याच प्रोग्रॅमना त्यांच्या मेनूसाठी लागतं. आणि आत शिरण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा : सुपर-एंटरने टर्मिनल, सुपर-डीने प्रोग्रॅम उघडायची पट्टी, सुपर-शिफ्ट-ईने बाहेर. तिसरी ठाऊक नसली की माणूस रिकाम्या पडद्याकडे बघत शेवटी पॉवरचं बटण दाबून धरतो.

प्रश्न : स्वे सुरू झालं, पण टचपॅडवर टिचकी मारून क्लिक होत नाही, ब्राइटनेसची बटणं चालत नाहीत, आणि काही प्रोग्रॅम उघडतच नाहीत. काय बिघडलं?

बिघडलं काही नाही. ही कामं ग्नोम तुमच्या नकळत करत होतं. स्वे विंडो मांडतं. बाकीचं तुम्ही सांगाल तेवढंच.

टिचकीसाठी कॉन्फिगमध्ये टचपॅडच्या इनपुट विभागात ‘टॅप एनेबल्ड’ ही ओळ घाला. ब्राइटनेससाठी ब्राइटनेस-सीटीएल हे छोटं पॅकेज टाकून ती दोन बटणं त्याला जोडा. न उघडणारे प्रोग्रॅम बहुधा अ‍ॅडमिनची परवानगी मागणारे असतील. पासवर्ड विचारणारी विंडो दाखवायला पोलकिट एजंट लागतो, आणि तो चालू नसला की प्रोग्रॅम अवाक्षर न काढता बंद होतो. एखादा एजंट सेशनबरोबर सुरू होईल असं करा.

तुम्ही न विचारलेली गोष्ट मात्र जास्त गंभीर आहे. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, कारण ते काम लिनक्समध्ये मागे चालणारं सिस्टमडी करतं. त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. झाकण उघडून बघा : पासवर्ड न मागता सरळ तुमची मेल समोर! स्वेच्या मूळ कॉन्फिगमध्ये स्वेआयडल (काही वेळ हात लागला नाही की ठरलेलं काम करणारं) आणि स्वेलॉक (पडदा लॉक करणारं) यांच्या नमुन्याच्या ओळी दिलेल्या असतात, ३०० सेकंदांनी पडदा लॉक करा, झोपण्याआधी लॉक करा अशा. फक्त त्यांच्यापुढे हॅशचं चिन्ह असतं. ते काढा, दोन्ही पॅकेजं टाकलेली आहेत ना बघा, आणि हे आजच करा.

प्रश्न : चार विंडो उघडल्या की सगळ्याच चिंचोळ्या होतात. छोट्या पडद्यावर लोक वापरतात तरी कसं?

चार विंडो शेजारी शेजारी लावत नाहीत, असं! तुमचा पडदा १३६६ बाय ७६८ असेल तर दोन विंडोंतच प्रत्येकीच्या वाट्याला ६८३ पिक्सेल येतात. एवढ्या रुंदीला कितीतरी वेबसाइट स्वतःला मोबाइलवर समजायला लागतात. एका पडद्यावर दोन, फार तर तीन, आणि बाकीच्या दुसऱ्या वर्कस्पेसवर, म्हणजे शॉर्टकटने समोर आणता येणाऱ्या दुसऱ्या आभासी पडद्यावर. ब्राउझर कायम १ वर, एडिटर २ वर, मेल ३ वर अशी जागा ठरवून टाकली की सुपर-२ दाबताना डोकं चालवावं लागत नाही. माझ्या मते या प्रकारातली खरी चैन हीच. पडदा फरशीसारखा भरलेला दिसणं हे फोटोपुरतं.

एकाच ठिकाणी बरंच काही हवंच असेल तर सुपर-डब्ल्यूने टॅब करा. तरीही अडचण वाटली तर निरी हा विंडो मॅनेजर बघा. त्यात नव्या विंडोसाठी जुन्या आक्रसत नाहीत, रांग बाजूला सरकत जाते.

प्रश्न : बॅटरी जास्त टिकेल ना?

फारशी नाही. मेमरी वाचेल, पण बॅटरी खातात पडदा आणि ब्राउझर, आणि ते तेच राहणार.

प्रश्न : मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर गेलो की स्वेचे शॉर्टकट बंद पडतात.

इनस्क्रिप्टमध्ये डीच्या जागी हलन्त आहे. तुम्ही सुपर-डी दाबता, स्वेला सुपर-हलन्त दिसतं, आणि तसा शॉर्टकट कुठेच लिहिलेला नसतो. कॉन्फिगमध्ये शॉर्टकट ठरवणाऱ्या बाइंडसिम या शब्दाच्या पुढे दोन डॅश देऊन ‘टू-कोड’ हा पर्याय जोडा. मग पहिल्या लेआउटमधली बटणं धरली जातात. म्हणून लेआउटच्या यादीत इंग्रजी पहिली हवी.

प्रश्न : माझं काम फोटो एडिटिंगचं, हात सतत माउसवर. तरी शिकू का?

नका शिकू. हे सगळं कीबोर्डवर हात असणाऱ्यांसाठी, मजकुराच्या कामासाठी आहे. ग्नोममध्ये सुपर आणि डावा-उजवा बाण दाबून अर्धा-अर्धा पडदा मिळतो, बहुतेकदा तेवढं पुरतं. त्याहून जास्त हवं असेल तर केडीईचा प्लाझ्मा डेस्कटॉप घ्या. २०२३ च्या ५.२७ आवृत्तीपासून त्यात सुपर-टी दाबून पडद्याचे भाग आखता येतात, आणि शिफ्ट धरून विंडो ओढली की ती त्या भागात जाऊन बसते.