पऱ्या ओलांडला की ब्रेक लागत नाहीत

प्रश्न : दापोली तालुक्यातील आमच्या आंब्याच्या बागेत खताची पोती आणि फवारणीचे सामान नेण्यासाठी मी एक जुनी एटीव्ही (कच्च्या वाटेवर चालणारी, मोटरसायकलसारख्या हँडलची छोटी चारचाकी) घेतली आहे. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांना हायड्रॉलिक ड्रम ब्रेक आहेत. वाटेत गुडघाभर पाण्याचा पऱ्या, म्हणजे ओढा, लागतो. तो ओलांडल्यावर पुढचे ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत आणि ड्रम उघडला की आत गढूळ पाणी सापडते. मेकॅनिकने ब्रेकप्लेटवरची (ड्रमचे तोंड झाकणाऱ्या स्थिर चकतीवरची) सगळी छिद्रे सिलिकॉनने बुजवून दिली, तरी पाणी कमी होण्याऐवजी वाढले. असे का व्हावे?

उत्तर : तुमच्या प्रश्नातील शेवटून दुसऱ्या वाक्यातच बहुधा दुखण्याचे मूळ आहे. उतरण लागली की आपण ब्रेक दाबतो, त्यामुळे पऱ्यापर्यंत पोहोचेतो ड्रम चांगलाच तापलेला असतो, आणि तो तसाच थंड पाण्यात बुडाला की आतली हवा एकदम आकसते. बंद जागेतील हवा ९० अंश सेल्सिअसवरून ३० अंशांवर आली, तर तिचा दाब सुमारे एक षष्ठांशाने घटतो. गरम भाताचा डबा झाकण घट्ट लावून निवू दिला, तर ते झाकण निघता निघत नाही, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे आत ओढले जाते ते पऱ्याचे पाणी. म्हणून ज्या गाड्यांचे ड्रम पाण्यापासून बंद केलेले असतात, त्यांपैकी अनेकांत ब्रेकप्लेटपासून एक बारीक रबरी नळी वर चेसिसपर्यंत नेलेली असते आणि ड्रम त्या नळीतून पाण्याच्या पातळीवरची हवा घेतो. हीच ब्रीदर नळी. तिचे तोंड सिलिकॉनखाली गेले असेल, तर ड्रमला श्वास घ्यायला सीलची, म्हणजे ड्रम आणि प्लेट यांमधल्या रबरी कड्याची, कड सोडून दुसरी वाट उरत नाही.

तेव्हा प्रथम ते सिलिकॉन खरवडून काढा, नळी दोन्ही टोकांनी सोडवा आणि फुंकून पाहा. आपल्याकडे गाडी महिनाभर उभी राहिली की कुंभारमाशी अशा नळीत हमखास मातीचे घर करते, हेही ध्यानात असू द्या. नळीला चीर असेल तर नवी घाला आणि तिचे वरचे टोक शक्य तितके उंच, खाली वळवून बांधा.

त्यानंतर सीलकडे वळावे. ड्रम फिरतो आणि प्लेट स्थिर असते, त्यामुळे त्या दोहोंमधील फट मोठ्या व्यासाच्या, पातळ ओठांच्या रबरी सीलनेच बंद ठेवावी लागते. काही गाड्यांत ते ड्रमवर असते, काहींत प्लेटवर. नवे सील घालूनही पाणी येत असेल, तर सीलचा ओठ ज्या कडेवर घासतो ती कड नखाने चाचपून पाहा. गंजाचे खड्डे किंवा चर लागला, तर बारीक पॉलिश पेपरने तो जाईतो घासावे, आणि खोल असेल तर तो भाग बदलावा. खरबरीत कडेवर नवे सील फार दिवस टिकत नाही. ओठांच्या मधल्या खाचेत वॉटरप्रूफ ग्रीस भरावे, पण बोटाने मोजूनमापून, कारण उरलेले ग्रीस लायनरवर (ड्रमवर घासणाऱ्या ब्रेक शूच्या अस्तरावर) गेले तर पाण्यापेक्षा वाईट अवस्था होईल. ॲक्सलचे ऑइल सील आणि ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा व्हील सिलिंडर जिथे प्लेटवर बसतो तो सांधा हेही पाहून घ्या. सिलिकॉनला खरे काम आहे ते अशा न हलणाऱ्या सांध्यावर. ब्रेक ॲडजस्ट करण्याच्या छिद्राचे रबरी बूच मात्र अनेक जुन्या गाड्यांत हरवलेलेच आढळते, आणि पाच मिनिटांत सुटणारा हा दोष सर्वांत शेवटी पाहिला जातो.

पऱ्याच्या अलीकडे चार-पाच मिनिटे थांबून ड्रम निवू द्यावा. पलीकडे गेल्यावर सपाटीवर, अगदी हळू चालवत ब्रेक हलकेच दाबून धरावा, म्हणजे शू आणि ड्रम यांमधील पाण्याचा थर उष्णतेने जातो. दोन्ही बाजू एकाच वेळी सुकतातच असे नाही, म्हणून त्या दरम्यान गाडी एका अंगाला ओढली जाते. हँडल घट्ट धरावे.

प्रश्न : ड्रमच्या तळाशी भोक पाडले तर पाणी आपोआप निघून जाणार नाही का?

उत्तर : निघेल, पण त्याच वाटेने आत येईल, आणि येताना वाळू आणील. शू व ड्रम यांमध्ये सापडलेली वाळू सहाणेसारखी दोघांनाही झिजवते. काही गाड्यांच्या प्लेटला खाली छोटा ड्रेन बोल्ट असतो. तो असेल तर पाण्यातून गेल्यावर उघडून पाहावा. बोल्टमधून पाणी निघाले, तर ड्रम उघडून आतील भाग धुऊन पूर्ण वाळवावा. समुद्राच्या वाळूत गाडी नेणाऱ्यांनी खारे पाणी आत रात्रभरही राहू देऊ नये, आणि बाहेरून धुताना प्रेशर वॉशरची धार सीलच्या कडेवर मारू नये.