व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरताना घाई करू नकोस

ऑफर लेटर हातात आलं की बहुतेक जण निर्धास्त होतात आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा, म्हणजे शिक्षण आणि जुन्या नोकऱ्यांच्या पडताळणीचा, फॉर्म घाईघाईत भरून मोकळे होतात. खरी गडबड तिथेच होते. भरतीच्या कामात मी बरीच वर्षं काढली आहेत. खोटी पदवी क्वचितच सापडली, तारखांची तफावत मात्र सारखी. बायोडेटात ‘मार्च ते डिसेंबर’ आणि अनुभवपत्रावर शेवटचा दिवस 12 ऑक्टोबर! दोन-अडीच महिने असे ताणलेले दिसले की बाकीच्या खऱ्या माहितीवरही शंका येते. म्हणून जुनी पत्रं, सॅलरी स्लिपा समोर ठेव आणि त्यावरूनच तारखा उतरव, आठवणीवर जाऊ नकोस. पदाचं नावही पत्रावर असेल तेच लिही. मधे गॅप असेल तर सरळ सांग. आजारपण, घरची जबाबदारी, यात लपवण्यासारखं काहीच नाही.

रेफरन्स म्हणून ज्यांची नावं देशील त्यांना आधी कळव, नाहीतर अनोळखी फोनवर माणूस गोंधळतो. संमतीपत्र वाचूनच सही कर. पडताळणीच्या नावाखाली कोणी ओटीपी मागितला तर अजिबात देऊ नकोस. पडताळणीच्या अहवालात चूक निघाली तर लेखी कळव, पुरावा जोड. आणि शक्य असेल तर पडताळणी पूर्ण झाल्यावरच सध्याच्या नोकरीचा राजीनामा दे.