लेकीचा जेंडरचा कोर्स आणि शेजारच्या आजी

अटलांटाजवळून एका ताईंनी लिहिलंय. लेक कॉलेजात जेंडर स्टडीज घेते. शेजारच्या ब्लॅक आजींना सगळी गल्ली मानाने नावाआधी 'मिस' लावून हाक मारते, तर लेकीने त्यांच्याच पोर्चवर त्यांना सुनावलं की 'मिस'मधून बाईचं लग्न झालंय की नाही हेच बघतात, सोडा ते. आजी नुसतं 'हं' म्हणाल्या, आता समोर दिसल्या तरी थांबत नाहीत.

ताई, लेकीला मेरी हॅमिल्टन या ब्लॅक कार्यकर्तीची गोष्ट सांगा. 1963 साल, अलाबामातलं कोर्ट, गोऱ्या बाईला मिस नाहीतर मिसेस आणि हिला नुसतं 'मेरी'. ती म्हणाली मिस हॅमिल्टन म्हणा, मगच उत्तर देईन. जज्जने पाच दिवस जेल आणि 50 डॉलर दंड ठोकला, प्रकरण पार सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1964 ला ती जिंकली. जो मान असा भांडून घेतला तो कालची पोर फेकून द्या म्हणते, मग आजी काय बोलणार! आपल्याकडेही गावात कुणाला 'अहो' आणि कुणाच्या म्हाताऱ्या बापाला 'ए' हे जातीवरून ठरायचंच की.

पण म्हणून 'बघ तुझं पुस्तकी ज्ञान' असं करू नका हां. ती घोकते तो इंटरसेक्शनॅलिटी शब्द, म्हणजे बाई म्हणून आणि काळी म्हणून होणारा अन्याय एकत्र येऊन वेगळाच त्रास होतो हा विचार, 1989 मध्ये किंबर्ली क्रेनशॉ या ब्लॅक प्राध्यापक बाईंनीच आणला. जनरल मोटर्सवर पाच ब्लॅक बायकांनी केस केली होती, कंपनीत बायका होत्या पण गोऱ्या, काळे होते पण पुरुष, आणि कोर्ट म्हणालं एकतर बाई म्हणून तक्रार करा नाहीतर काळ्या म्हणून, दोन्ही एकत्र चालणार नाही. चर्चचंही तेच, काळ्या लोकांनीच काढलेलं एएमई (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्च 1816 पासूनचं, पहिली बाई बिशप 2000 साली. म्हणजे हे वाद आजींच्या लोकांत आधीपासून आहेत, ते कॉलेजातून आलेले नाहीत.

लेकीला जबरदस्तीने सॉरी म्हणायला पाठवू नका, तोंडदेखलं होईल. रविवारी आजींबरोबर चर्चला जाऊ दे, जेवणाच्या वेळी वाढायला उभी राहू दे, आणि निदान तिथे तरी प्रश्न विचार, उत्तरं देऊ नकोस म्हणावं.

आणि ताई, रागावू नका, मंडळाच्या हळदीकुंकवाला विधवा काकूंना का बोलावलं नाही म्हणून तिने घातलेला वाद तुम्ही याच पत्रात टाकलाय. तिथे तिचं बरोबर होतं. आजींच्या खांद्यावर बंदूक ठेवून तो राग काढू नका. यादी तुम्हीच करता ना, मग या संक्रांतीला काकूंचं नाव घाला.