तिच्या लॉगिनवरून

प्रश्न : ताई, मी वाळूज एमआयडीसीतल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत बरीच वर्षं अकाउंट्स बघतो. दर मार्चअखेरीला साहेब न गेलेल्या मालाची बिलं करायला लावतात. विक्री आणि येणी फुगलेली दिसतात, बँकेची सीसी लिमिट (रोजच्या धंद्यासाठीची कर्जमर्यादा) टिकते. एप्रिलमध्ये क्रेडिट नोटा, म्हणजे बिल रद्द करणाऱ्या नोंदी, टाकून आम्ही ते मिटवतो. व्याप वाढल्यामुळे गेल्या वर्षीपासून या एंट्र्या नव्या मुलीच्या लॉगिनवरून होतात, बाकी सगळं मीच बघतो. मी स्वतः एक रुपयाही खाल्लेला नाही. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत. पाप मालकाचं की माझं? रात्र-रात्र झोप नाही.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमच्या झोपेचं नंतर बघू. आधी ती मुलगी.

एवढ्या पत्रात तिच्या वाट्याला एक ओळ आली. नाव नाही, गाव नाही, वय नाही. पण अशा मुली मी पाहिल्या आहेत. जिंतूर, केज, भोकरदनकडून बी.कॉम. आणि टॅलीचा कोर्स करून येतात, बजाजनगरात तिघी-चौघी मिळून खोली घेतात, पगार झाला की आधी घरी पैसे पाठवतात. सीनियर माणसाने ‘एवढं टाकून दे’ म्हटलं की टाकून देतात. बिलामागे माल गेला की नाही हे विचारायची त्यांची हिंमत कशी व्हावी?

व्याप वाढला हे कारण मला पटत नाही. बाकी सगळं तुम्ही बघता आणि नेमक्या याच एंट्र्या तिच्याकडे? तुम्हाला पक्कं ठाऊक आहे की 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग बंद करता येत नाही. कोणती नोंद कधी झाली, कोणाच्या आयडीवरून झाली, सगळं राहतं. तिथे आता तिचं नाव आहे. साहेबांचं नाही, तुमचंही नाही.

‘एक रुपयाही खाल्ला नाही’ याचा आधार घेऊ नका. कंपनी कायद्याच्या कलम 447 मध्ये फसवणुकीची व्याख्याच अशी आहे की कोणाला फायदा झाला की नाही, याने फरक पडत नाही. रक्कम मोठी असेल तर शिक्षा सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत. ‘सत्यम’ या आयटी कंपनीच्या हिशोब-घोटाळ्याच्या खटल्यात एप्रिल 2015 मध्ये दहा जण दोषी ठरले. त्यांत कंपनीचे संस्थापक रामलिंग राजूंबरोबर फायनान्स विभागातले नोकरदारही होते. अमेरिकेत ‘वर्ल्डकॉम’ या टेलिकॉम कंपनीतल्या बेटी विन्सन या मधल्या फळीतल्या अकाउंटंट. वरून सांगितलं म्हणून खोट्या नोंदी करत गेल्या. राजीनामा लिहिला होता, पण साहेबांनी समजूत काढली आणि त्या थांबल्या. 2005 मध्ये त्यांना पाच महिन्यांचा तुरुंगवास झाला. विन्सनना निदान माहीत तरी होतं आपण काय करतोय. तुमच्याकडच्या मुलीला तेवढंही माहीत नाही, आणि याचा मला मनापासून संताप येतोय.

पाप कोणाचं म्हणून विचारता. बिलं करायला लावली ती मालकाने. त्या मुलीला पुढे केलं ते तुम्ही, आणि ते तुम्हाला कोणी सांगितलं होतं असं पत्रात कुठेही नाही.

म्हणून उद्या ऑफिसात गेल्यावर एकच काम करा. गेल्या वर्षीपासूनच्या त्या नोंदींची यादी काढा, बिल नंबर आणि तारखांसकट. खाली स्वतःच्या हाताने लिहा : या सर्व नोंदी माझ्या सांगण्यावरून झाल्या, त्यामागे माल गेलेला नव्हता, हे तिला माहीत नव्हतं. तारीख टाका, सही करा. तिला समोर बसवून एकेक नोंद समजावून सांगा. ती रडेल, चिडेल, कदाचित घरी फोन लावेल. लावू द्या. मग तो कागद तिच्या हातात द्या आणि तिच्यादेखत पासवर्ड बदलायला लावा. नवा पासवर्ड तुम्हाला कळता कामा नये.

त्या कागदाने तुमची नोकरी जाऊ शकते, चौकशीही लागू शकते. तरी द्या. साहेबांशी काय बोलायचं ते एखाद्या वकिलाला विचारून ठरवा, पण कागद त्याआधी तिच्याकडे गेलेला असू द्या. येत्या मार्चपर्यंत थांबू नका.