इंग्लंडच्या खेड्यात ओळखी कामातून होतात

तुम्ही विचारलंत की नवऱ्याच्या नोकरीमुळे श्रॉपशरमधल्या एका खेड्यात राहायला येताय, मुलगी सात वर्षांची आहे, पहिलं वर्षभर तुम्ही घरीच असाल. तर ओळखी कशा होतील आणि डिपेंडंट व्हिसावर व्हॉलंटियरिंग चालतं का. चालतं. स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल कामगाराच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला इथे नोकरीचीही मुभा असते, त्यामुळे बिनपगारी कामाची काळजीच नको.

ओळखींचं म्हणाल, तर शेजारीण आपणहून दार वाजवेल म्हणून थांबू नका. इथली माणसं माणूसघाणी नाहीत, पण न बोलावता कोणाकडे जाणं त्यांना प्रशस्त वाटत नाही. कामाला शेजारी उभं राहिलं की तीच माणसं भरभरून बोलतात.

पहिली चौकशी गावच्या दुकानाची करा. खेड्यांतली दुकानं बंद पडायला लागली तेव्हा बऱ्याच गावांनी शेअर विकून, वर्गणी काढून ती स्वतःच चालवायला घेतली. एखादा पगारी मॅनेजर, बाकी व्हॉलंटियर. प्लंकेट यूके ही संस्था अशा दुकानांच्या पाठीशी असते. आमच्या दुकानात सकाळच्या पाळीचं पहिलं काम म्हणजे पेपरचे गठ्ठे सोडायचे आणि राखून ठेवायच्या प्रत्येक अंकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं आडनाव लिहायचं. थोड्याच दिवसांत कोण कुठला पेपर घेतं, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कोण नुकतं एकटं पडलंय, सगळं कळतं. एखाद्या आजोबांचा अंक अकरा वाजेपर्यंत तसाच पडून राहिला की कोणीतरी त्यांच्याकडे चक्कर मारून येतं. माझ्या लेखी दुकान टिकवण्याचं खरं कारण हे आहे.

दुकान नसेल तर व्हिलेज हॉल, म्हणजे गावचं सभागृह, बहुधा असतंच. यातले पुष्कळ हॉल पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावकऱ्यांच्या स्मरणार्थ बांधलेले आहेत, आणि त्यांच्या कमिट्यांना माणसं कायम कमी पडतात. सुरुवातीला आठवड्यातून एकच पाळी घ्या, पण ती चुकवू नका. रोटावर, म्हणजे पाळ्यांच्या तक्त्यावर, नाव लागलं की यायचंच; जमणार नसेल तर बदली माणूस आपणच शोधायचा. भाषेच्या सफाईपेक्षा तुम्ही वेळेवर येता की नाही हे इथे जास्त बघतात.

उन्हाळ्यात फेट असते, म्हणजे गावची जत्राच. तिथे केक स्टॉलवर हमखास मदत लागते. आपले पदार्थ जरूर न्या, पण एक गोष्ट गांभीर्याने घ्या. इथल्या कायद्यातल्या 14 ॲलर्जीकारक पदार्थांत शेंगदाणे, तीळ आणि मोहरी तिन्ही आहेत. आपलं कूट, तिळगूळ, फोडणी सगळंच त्यात आलं. डब्यावर ठळक अक्षरांत घटक लिहा. शाळेत तर दाण्याचा पदार्थ विचारल्याशिवाय पाठवूच नका.

शाळेवरून आठवलं, मुलांचं वाचन ऐकायला प्राथमिक शाळांना माणसं हवी असतात, आणि लहान मुलांच्या आया तिथेच भेटतात. दुकानात आणि हॉलमध्ये बहुतेक निवृत्त मंडळी असतात. शाळेच्या कामासाठी डीबीएस ही पार्श्वभूमीची तपासणी होते. व्हॉलंटियरना तिची सरकारी फी पडत नाही, पण त्यासाठी गेल्या 5 वर्षांचे पत्ते द्यावे लागतात. तुम्ही भारतातून नवीन आलेल्या, म्हणून शाळा तिथलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागू शकते. निघण्यापूर्वी पासपोर्ट ऑफिसातून ते काढून घ्या, इथून काढायचं तर हेलपाटे पडतात.

गाडी चालवायला लवकर शिका. संध्याकाळची बस बहुतेक गावांना नसते, आणि डिसेंबरात चारलाच अंधारतं.

पॅरिश कौन्सिलच्या सभेलाही जाऊन बसा. ही 1894च्या कायद्याने आलेली आपल्या ग्रामपंचायतीसारखी व्यवस्था. सभा सर्वांना खुल्या असतात आणि पायवाटा, खेळाचं मैदान, भाज्यांचे वाफे भाड्याने देणं असे विषय तिथे निघतात. आपल्या लोकांना सहसा माहीत नसतं, पण भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले म्हणून इथे राहण्याचा व्हिसा असताना मतदान करू शकतात. आल्या आल्या मतदारयादीत नाव घाला. निवडणुकीला उभं राहायला मात्र कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना लागतो.

चर्चबद्दल बिचकू नका. तिथल्या कॉफी मॉर्निंगला, म्हणजे सकाळी कॉफीसाठी जमतात तिथे, कोणी धर्म विचारत नाही, कप विसळायला हात लागले तर हवेच असतात.

आईबाबा व्हिजिटर व्हिसावर येणार असतील तर त्यांना नियम वेगळा आहे: नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठीच, आणि एकूण 30 दिवसांपर्यंतच व्हॉलंटियरिंग करता येतं, तेही भेटीचा मुख्य हेतू नसताना. हॉल किंवा चर्चची बाग करायला त्यांना आवडेल, पण ती संस्था नोंदणीकृत आहे ना, हे आधी विचारून घ्या.