एक्झिमा आहे, दापोलीत पहाटे स्कूटरवर निघताना थंडीसाठी काय घालावं?
अंगालगत मऊ सुती, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला आणि स्वेटर त्याच्यावर. लोकर थेट कातडीला लागू देऊ नका. लोकरीचे जाड तंतू टोचतात आणि खाज सुटते, ॲलर्जी नसली तरी. मलाही हा त्रास आहे, म्हणून सांगते: आपल्याकडे खरी अडचण उन्हं वर आल्यावरची. पहाटे हुडहुडी, दहाला घाम, आणि घामाने एक्झिमा फार चिडतो. तेव्हा एका जाड जॅकेटपेक्षा काढता येतील असे दोन-तीन पातळ थर बरे. मानेमागचं लेबल कापा, नवा कपडा आधी धुवा. मात्र चट्ट्यांतून पाणी येत असेल किंवा पिवळ्या खपल्या धरत असतील तर कपड्यांवर भागणार नाही, त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.